चौथा भाग पहिल्या नंबरवर

२ मार्च, सोमवार

ट्रेलर आला. कामावरच पाहिला — एका कानात ‘हिमनौका’, दुसऱ्या कानात तक्रारी. लिफ्ट कंपनीत दुपारच्या जेवणानंतर तक्रारीचं टेबल माझं एकटीचं असतं, त्यामुळे एक कान कंपनीला द्यावाच लागतो. सुदैवाने कुणी अडकलं नाही.

मत: ठीक. बर्फ भरपूर. बर्फाखाली कप्तानाचा हातमोजा. नकाशेवालीच्या हातातला कंदील विझतो, मग नुसता काळोख आणि जहाजाचा भोंगा. मग अक्षरं येतात — अखेरचा प्रवास. सातवा भाग, आणि यानंतर बंद.

आमच्या हिमनौकावेड्यांच्या ग्रुपवर धुमाकूळ. आमच्यातला दातांचा डॉक्टर, ज्याला आम्ही दातवाला म्हणतो, त्याने म्हणे पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून ट्रेलर पाहिला. हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहिलंय. बेकरीवाली रडली. ती पोस्टर पाहूनही रडते. बाबांनी काही लिहिलं नाही, बोलून पाठवलं — “आला एकदाचा. सूनबाई, पाहिलास का?” हल्ली ते लिहीत नाहीत, सगळं बोलूनच पाठवतात. आळशी झालेत.

बाबा म्हणजे माझे सासरे. माजी सासरे म्हणायला हवं, पण अशी हाक कोण मारतं! घटस्फोटात भांडी, कपाट, पलंग, सगळ्याची रीतसर वाटणी झाली. बाबांची वाटणी करायची राहिली. सहावा भाग आला तेव्हा सगळं ताजं होतं, तरी आम्ही दोघं ठरल्याप्रमाणे पहिल्या शोला गेलो. काय बोलावं हे दोघांनाही कळेना, म्हणून सिनेमावर बोललो. बाहेर पडून बसस्टॉपवर उभे राहिलो आणि बसमागून बस सोडत बोलत राहिलो. तेव्हापासून तेच चाललंय.

आता एप्रिलनंतर बाबांना फोन करायचा तर काय म्हणून करायचा? सहज म्हणून? आमच्यात ‘सहज’ असं काही उरलेलं नाही. जे आहे ते हिमनौकेवर आहे, आणि ती एप्रिलमध्ये बुडणार.

७ मार्च, शनिवार

आज क्रमवारी. ग्रुपचा नियम जुना आहे. नवा ट्रेलर आला की आधीच्या सगळ्या भागांचा क्रम प्रत्येकाने पुन्हा सांगायचा. बदल करायला मुभा आहे, पण कारण द्यायचं. कारण न देता बदल करणारा माणूस बेभरवशाचा. हा नियम बाबांनीच केलेला.

माझा: दोन, एक, तीन, सहा, पाच, चार. बदल नाही. दातवाल्याने दशांश चिन्हासकट गुण दिले, त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण बोललं की तो तक्ता पाठवतो. बेकरीवालीने एकदम चार भाग पहिल्या नंबरवर ठेवले. “मला कुणाला दुखवायचं नाही,” म्हणाली. सिनेमाला!

मग बाबांचा आवाज. “चार, एक, तीन, सहा, पाच, दोन.”

आधी वाटलं उलटं बोलले. दुसरा भाग शेवटी? दुसरा भाग म्हणजे बाबांचं दैवत. त्यात बर्फ फुटण्याचा तो लांबलचक प्रसंग आहे, कुणी एक शब्द बोलत नाही, नुसतं पांढरं पांढरं आणि त्यात मुंगीएवढी माणसं. बाबांचा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेला. ग्रुपवर त्यांना क्रेनच म्हणतात. “वरून जग असंच दिसतं,” असं म्हणून ते तो प्रसंग आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवायचे. “मला खालच्या हमालाच्या शर्टाचं बटण तुटलेलं वरून दिसायचं,” हेही प्रत्येक वेळी.

आणि चौथा भाग पहिला! चौथा भाग म्हणजे सगळे जण जहाजाच्या तळघरात अडकलेत आणि बोलतायत. सिनेमाभर बोलतायत. आम्ही त्याला ‘गप्पांचा भाग’ म्हणतो.

दातवाला लगेच: “क्रेन, तब्येत बरी आहे ना? कारण?”

बाबा: “मला वाटलं.”

“वाटलं हे कारण होत नाही. नियम तुमचाच आहे.”



चौथ्या भागाची बाजू घेणारा एकच माणूस मला माहीत आहे. लग्न होतं तोवर तो मला ऐकवायचा, “चौथा भाग कळायला आधी माणसं कळावी लागतात.” मला माणसं कळत नाहीत, हे त्यातलं मुख्य वाक्य. बाबा तेव्हा हसून म्हणायचे, “याला बर्फ दिसत नाही, सूनबाई, आपण काय करणार?” आपण म्हणजे ते आणि मी.

आता बाबा तिकडे गेले. जाईनात का. मुलगा आहे त्यांचा. पण सरळ सांगायचं ना, ग्रुपवर चार-एक-तीन करून कशाला सांगायचं!

८ मार्च, रविवार

दुसरा भाग शेवटच्या नंबरवर. उठल्या उठल्या तेच आठवलं. हास्यास्पद आहे, पण आहे.

११ मार्च, बुधवार

दुपारी बाबांचा फोन. टेबलावर मी एकटी असते हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते याच वेळी करतात. उचलला नाही. कामात होते. नव्हते.

नंतर खरंच काम आलं. एका इमारतीत एक बाई आणि तिचं कपडे वाळत घालायचं स्टँड, दोघं अडकली. नव्या मुलींना आम्ही शिकवतो की अडकलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस घाबरतो. बाहेर काय चाललंय ते सांगत राहायचं. “मेकॅनिक निघाला. सिग्नलला थांबलाय. आता गाडी लावतोय. आता वॉचमनकडून किल्ली घेतोय.” दिसत नसलं की माणसाला पुढचं माहीत हवं असतं, बाकी काही नको असतं. या बाबतीत मी बरी आहे. कंपनीत सगळे म्हणतात, तुझ्या आवाजात काही नसतं. स्तुती म्हणून म्हणतात.

१४ मार्च, शनिवार

चिरफाड. ट्रेलर थांबवत थांबवत बघायचा, प्रत्येकाने एक फ्रेम आणायची आणि त्यावर आपला तर्क मांडायचा. नेहमी बाबांकडे असते, त्यांच्या मोठ्या टीव्हीवर. या वेळी त्यांनी नाही सांगितलं. घरात पसारा आहे म्हणे. बाबांच्या घरात पसारा! हा माणूस वर्तमानपत्रसुद्धा इस्त्री केल्यासारखं घडी घालतो.

मग बेकरीच्या मागच्या खोलीत जमलो. मैद्याच्या गोण्यांवर बसलो, लॅपटॉप ट्रे लावायच्या घोडीवर. बाबा फोनवर, स्पीकर चालू. प्रत्यक्ष आले नाहीत. माझं तोंड बघायचं नसेल.

दातवाल्याने हातमोजा आणला. टाके मोजून सिद्ध केलं की हा मोजा तिसऱ्या भागातला आहे, म्हणजे कप्तान जिवंत. बेकरीवालीने नकाशेवालीचा डोळा आणला आणि त्यात बर्फाऐवजी झाड दिसतं असं म्हणाली. आम्ही खूप मोठं करून पाहिलं. झाड नव्हतं, तिच्या स्क्रीनवरचा मैदा होता.

मग बाबा. “माझी फ्रेम भोंगा.”

दातवाला हसला. “क्रेन, फ्रेम सांगितली होती. भोंगा कसा दाखवणार?”

“दाखवत नाही, ऐकवतो. शेवटचा भोंगा लाव. आता पहिल्या भागातला लाव. पहिला जाड आहे, छातीत बसतो. हा बारीक आहे. जहाज ते नव्हेच. कुणीतरी दुसरं जहाज शोधायला आलंय.”

लावून पाहिलं. खरंच! दातवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा भाग पाठ असलेल्या माणसाला भोंगा कळला नव्हता. बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या आणि मैदा उडाला. मलाही मजा वाटली, नाही असं नाही. तोंडावर “छान, बाबा” येत होतं. आलं नाही.

शेवटी बाबांनी विचारलं, “सूनबाई आहे का तिथे?”

बेकरीवाली माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “आहे.”

“मग तू काय आणलंस?”

“विझणारा कंदील.”

“कसा विझतो ग? सांग ना नीट.”

“तुम्ही पाहिलाय की,” मी म्हटलं. जरा तुटकच.

ते म्हणाले, “हो, हो. पाहिलाय.” आणि मग दातवाल्याने दुसराच विषय काढला.

१९ मार्च, गुरुवार

नणंदेचा फोन. वहिनी म्हणू नकोस म्हणून सांगून थकले, ती काही ऐकत नाही.

“वहिनी, बाबांचं तुला कळलंच असेल.”

“कळलं,” मी म्हटलं. क्रमवारीची बातमी घरभर झालेली दिसतेय.

“दादा बाबांकडे राहायला येतोय. पुढच्या आठवड्यात सामान आणतोय.”

“बरं.”

“तुला वाईट नाही ना वाटलं? बाबा म्हणत होते, तिला मीच सांगीन.”

“मला कशाला वाईट वाटेल? बाप-लेक एकत्र राहतात, चांगलं आहे.”

ती म्हणाली, “तू अशी बोलतेस ना, मग मला पुढे काय बोलावं तेच कळत नाही.” आणि ठेवला.

तर असं आहे. दोघं सोफ्यावर बसून चौथा भाग बघणार. त्या सोफ्याचं कापड मी निवडलं होतं.

२७ मार्च, शुक्रवार

बाबांचे अधूनमधून फोन. उचलत नाही. ग्रुपचा आवाजही बंद करून ठेवलाय. दिवसातून एकदा उघडते, दातवाल्याचे तक्ते वर सरकवते, बंद करते.

६ एप्रिल, सोमवार

बुकिंग उघडलं. बेकरीवाली सगळ्यांची तिकिटं काढते, कारण पहाटेपासून जागी असणारी तीच एक. आम्ही दर वेळी मागून दुसरी रांग घेतो. बाबांचा हट्ट — लांबून बघायचं, उंचावरून बघायचं.

या वेळी बाबांनी तिला वेगळं सांगितलं. पहिली रांग. अगदी पडद्याला नाक लागेल अशी. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलासाठी.

“मी म्हटलं, मान मोडेल,” बेकरीवाली सांगत होती. “तर म्हणाले मोडू दे. तुमचं भांडण झालंय का ग?”

“नाही.”

“मग सगळं थिएटर सोडून ते दुसऱ्या टोकाला का बसतायत?”

उत्तर उघड होतं, म्हणून दिलं नाही. माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. त्याहून पुढे गेले तर सिनेमात जातील.

मला राग आला असं लिहायला हवं. राग नाही आला. वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी साधं, सरळ वाईट वाटलं. बापाविना वाढलेल्या मुलीने पुन्हा कुणाला बाबा म्हणू नये, अशा छापाचे विचार आले. मग भाजी करपली आणि ते गेले.

९ एप्रिल, गुरुवार

काही नाही. चार लिफ्ट, एक मांजर.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारी बोर्डवर लिफ्टची घंटा लागली; लिफ्टमधलं घंटेचं बटण दाबलं की फोन थेट माझ्या टेबलावर येतो. पत्ता वाचला. बाबांची इमारत. त्या इमारतीचं काम आमच्याच कंपनीकडे आहे, बाबांनीच सोसायटीत आग्रह धरला होता. उचलताना वाटलं, कुणीही असू दे, ते नसू देत.

“नमस्कार, लिफ्ट मदत केंद्र. आत किती जण आहात?”

“एकच म्हातारा आहे.”

बाबांचाच आवाज. मग पुढचा प्रश्न. “श्वासाला त्रास, छातीत दुखणं?”

“नाही.”

“वर लाल आकडा दिसतोय का? कुठला मजला?”

“नाही दिसत.”

“आत दिवा आहे?”

“...नसावा.”

मेकॅनिकला पाठवलं आणि लाइनवर राहिले, कारण राहावं लागतं. “मेकॅनिक निघाला. पुलापाशी आहे.” ते म्हणाले, “येऊ दे सावकाश.” तिसऱ्या वाक्याला मला ते नाटक जमेना.

“बाबा, मी बोलतेय.”

“माहीत आहे मला. तुझा आवाज मी ओळखणार नाही होय?” मग, “चौथ्या भागासारखं झालं बघ. तळघरात अडकलोय आणि गप्पा मारतोय.”

चौथ्या भागाचं नाव काढायला नको होतं. मी विचारलंच. “क्रम का बदललात? कारण द्यायचा नियम आहे.”

“तेच द्यायचं होतं.”

“मग द्या.”

“चौथ्यात सगळं ऐकू येतं, सूनबाई. कोण कुठे आहे, कोण उठलं, कोण रडतंय, सगळं बोलण्यातून कळतं. दुसऱ्यात कुणी काही बोलतच नाही. मी आपला बसून राहतो.”

मला वाटलं, वय झालं, गोष्ट सांगितलेली आवडायला लागली. मी म्हटलं, “मेकॅनिक गाडी लावतोय.” ते म्हणाले, “लावू दे.” आणि तो जिना चढेपर्यंत दोघंही लाइनवर.

मेकॅनिकने नंतर फोन केला. “मॅडम, लिफ्टला काही झालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दार बंद करून उभी होती. मी बाहेरून बटण दाबलं, उघडलं.”

“दिवा गेला होता ना?”

“छे, लख्ख! आकडापण चालू. आजोबांना दिसत नाही हो नीट. दार उघडलं तर माझ्या खांद्याच्या बाजूला बघून बोलत होते. मजल्याचं समजून घंटेचं बटण दाबलं असणार. निवांत होते पण. उशीवर बसले होते.”

“कसल्या उशीवर?”

“उशी शिवायला टाकायला निघाले होते म्हणे. काय लिहू कारणात?”

“चुकून दाबले, लिहा,” मी म्हटलं.

मग मी काय केलं ते लिहायचं तर, टेबलावर बसून राहिले. भोंगा. आवाज पाठवणं. ‘कसा विझतो ग, सांग ना नीट.’ पहिली रांग. एका ट्रेलरमधल्या हातमोज्याचे टाके मोजणारी आम्ही माणसं! एवढं सगळं समोर होतं, आणि मी त्याचा अर्थ काय काढला, तर बाबा माझ्यावर रुसलेत. सगळ्या सिनेमात मीच!

१६ एप्रिल, गुरुवार

नणंदेला फोन केला. “तू म्हणालीस ना, बाबांचं कळलंच असेल. मला काही कळलं नव्हतं. सांग.”

तिने सांगितलं. डोळ्यांच्या मधला भाग गेला, कडा राहिल्यात. समोरच्या माणसाचा चेहरा सोडून बाजूची भिंत दिसते. थंडीच्या दिवसांतच सुरू झालं, बाबांनी लपवलं, मग भराभर वाढलं. आता डोळ्यात इंजेक्शनं देतात, ती आहे तेवढं टिकवायला. गेलेलं येणार नाही. दादा राहायला आला तो त्यासाठीच, दवाखान्यात न्यायला-आणायला. बाबांनी बजावून ठेवलं होतं, ग्रुपवर कुणाला बोलायचं नाही. क्रेनवाल्याची नजर गेली हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. “तुला मात्र स्वतः सांगणार होते. म्हणाले, फोनवर गाठ पडली की सांगतो.”

गाठ पडली नाही. ती कुणी पडू दिली नाही, हे लिहिण्याची गरज नाही.

“वहिनी, रडतेयस का?”

“नाही.”

रडत होते.

१८ एप्रिल, शनिवार

बाबांना फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला.

“पहिल्या रांगेत माझ्यासाठी जागा आहे का?”

“मान मोडेल तुझी.”

“मोडू दे.”

 मग म्हणाले, “कळलं वाटतं.”

“कळलं.”

“ग्रुपवर नको बोलूस.”

“नाही बोलणार. पण पहिल्या रांगेतून तुम्हाला दिसणार काय?”

“कडेकडेनं थोडं हलतं. पांढरं आहे की काळं आहे, एवढं कळतं. जवळ बसलं की जरा जास्त.” आणि मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं, “हा बघायचा होता मला, सूनबाई. सहा पाहिले. सातव्याला पोचेन असं वाटलं होतं. थोडक्यात हुकलं.”

मी म्हटलं, “बघू.” दुसरं काय म्हणणार!

२४ एप्रिल, शुक्रवार

पहिला शो. थिएटरच्या दारात तो भेटला. माझा आधीचा नवरा. केस पिकलेत. बाबांच्या कोपराला हात लावून चालत होता, धरून नव्हे, नुसता लावून. हे त्याला जमतं असं मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते. बोलावं लागेल.”

“बस. मी घरी ट्रेलर सांगून पाहिला,” तो म्हणाला. “मला नाही जमत. मी मध्येच बघत बसतो आणि सांगायचं राहून जातं.” मग म्हणाला, “तुझं कामच आहे ते.” यात टोमणा होता का, ते तपासलं. नव्हता.

अंधार झाला आणि मी सुरू केलं. कामावरच्या आवाजात. ज्यात काही नसतं त्या आवाजात. “जहाज डावीकडून येतंय. लहान आहे. डेकवर एकच माणूस. टोपी काढली. बाई आहे. नकाशेवाली. म्हातारी झालीय. कंदील लावतेय. वारा आहे, दोन्ही हातांनी झाकलाय. विझला.”

“कसा?”

“आधी लहान झाला. मग निळा. मग वातीचं टोक तेवढं लाल राहिलं. मग तेही गेलं.”

“हं,” बाबा म्हणाले. तेवढंच, पण अगदी पोटातून.

मागून कुणीतरी शुक् केलं. पुन्हा केलं. मग मागच्या अंधारातून दातवाल्याचा आवाज आला, “तो ऐकायचाच भाग आहे. गप्प बसा.” म्हणजे त्याला कळलं होतं. बेकरीवालीला तर आधीच कळलं असणार, ती पहिल्यापासून हुंदके देत होती आणि पडद्यावर नुसता समुद्र होता.

शेवटचा प्रसंग लांब आहे आणि बिनबोलण्याचा. बर्फावरून कप्तान चालत येतो, फार लांबून. ठिपका असतो, मग रेघ, मग माणूस. माझा घसा बसला होता. मी सांगत राहिले. “अजून लांब आहे. अजून लांब. आता हात हलवला. कुठला हात ते नाही कळत. आता कळला. डावा.” बाबा पडद्याकडे बघत नव्हते. मान किंचित माझ्याकडे वळवून बसले होते, कडेने पडदा पकडायला. त्यामुळे शेजारून ते माझ्याकडेच बघतायत असं दिसत होतं. तसं नव्हतं. मला माहीत आहे तसं नव्हतं.

बाहेर आल्यावर आम्ही पाचही जण दाराशी घोळका करून उभे राहिलो. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. बाबाच बोलले. “तुम्हा सगळ्यांना कळलेलं दिसतंय. बरं झालं. आता पसारा आहे असं सांगायला नको.”

२५ एप्रिल, शनिवार

शेवटची क्रमवारी. दातवाला: सातवा भाग, सहा पूर्णांक पंचाहत्तर शतांश. तक्ता जोडला आहे. बेकरीवाली: पहिल्या नंबरवर. आता तिथे पाच झाले, दाटीवाटी आहे.

बाबांनी काय ठेवला असेल! मी उगाच काहीतरी अपेक्षा धरून बसले होते, कबूल. बाबा: “सातवा शेवटून दुसरा. सांगणारी चांगली होती, गोष्ट भिकार.”

दातवाल्याने लिहिलं, कारण मान्य.

मी दुसरा भाग खाली आणावा का असा विचार केला. नाही आणला. तो चांगलाच आहे. बाबाही तेच म्हणाले, “खबरदार हलवलास तर. माझ्याकडे नाही तर नाही, तुझ्याकडे तरी वर राहू दे.”

२९ एप्रिल, बुधवार

संपलं सगळं. ग्रुप ओसाड. दुपारी टेबलावर बसून फोनकडे बघत होते. बाबांना करावा का? काय म्हणून? आठवा भाग नाही. ट्रेलर नाही. ‘सहज’ म्हणून बघितलं ओठांवर घोळवून. तोंडाला बसेना.

बोर्डवर एक दिवा लागला. दचकले. कुणीतरी दुसरंच होतं.

३ मे, रविवार

बाबांकडे गेले. काम काढूनच गेले. लिफ्टमधल्या घंटेच्या बटणावर लावायला जाड चिकटपट्टी नेली होती, म्हणजे बोटाला फरक कळेल, पुन्हा चूक नको. बाबा बरोबर लिफ्टमध्ये उभे राहिले आणि मी चिकटवतेय ते ऐकत होते.

म्हणाले, “हे कशाला?”

“त्या दिवशी मजल्याचं समजून घंटेचं दाबलंत ना, म्हणून.”

ते हसायला लागले. “सूनबाई, आयुष्यभर खाली बघत लिव्हर ओढले मी. हातात कुठला आहे ते बघितलंय कधी? मजल्यांची बटणं कुठे, घंटा कुठे, मला झोपेत विचार.”

मी पट्टी धरून तशीच.

“तू फोन उचलत नव्हतीस. म्हटलं, इथला तरी उचलावाच लागेल.”

“आणि उशी?”

“मेकॅनिकला यायला वेळ लागतो, हे तूच सांगायचीस.”